स्कूटरचा फुगवटा कुणी ठरवला?

वर्गात एकदा एक गंमत करून पाहा. मुलांना सांगा, "समोर काही न ठेवता एक स्कूटर काढा आणि एक मोटारसायकल काढा." दोन-तीन मिनिटं द्या, जास्त नाही. मोटारसायकल बहुतेकांना नीट जमत नाही. दोन चाकं येतात, मधे काहीतरी गुंतागुंत येते आणि तिथे पेन्सिल अडखळते. स्कूटर मात्र पटकन येते. पुढे एक उभी ढाल, मधे मोकळी जागा, मागे गुबगुबीत फुगवटा आणि खाली दोन लहान चाकं.

आता दुसरा प्रश्न विचारा. "हा फुगवटा का आहे?" उत्तरं येतील: "छान दिसतो म्हणून", "आत इंजिन असतं म्हणून", "तशीच असते म्हणून". तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. पण इंजिन मोटारसायकललाही असतं. मग तिथे ते उघडं का आणि इथे झाकलेलं का? तिथे ते मधोमध का आणि इथे एका कुशीला का?

पुण्यात राहणाऱ्यांनी तर हा प्रश्न विचारायलाच हवा. ज्या स्कूटरचं चित्र देशभरच्या मुलांच्या डोक्यात बसलं आहे ती याच शहराच्या कडेला, आकुर्डीला, लाखांनी तयार झाली. तिचा आकार मात्र इथला नव्हता. तो इटलीतून आला. यंत्राचा आकार ठरतो कसा, एका निवडीतून दुसरी कशी निघते आणि प्रत्येक निवडीची किंमत कुठे मोजावी लागते, हे या एका वाहनावरून आपल्याला छान समजून घेता येईल.

मोटारसायकल न आवडणारा माणूस

गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरची. इटलीतली पियाज्जो ही कंपनी १८८४ पासूनची. तिने आधी जहाजांची अंतर्गत सजावट, मग रेल्वेचे डबे आणि पुढे विमानं बनवली. युद्धात तिच्या पाँतेदेरा गावातल्या कारखान्यावर बॉम्ब पडले. युद्धात हरलेल्या देशात विमानांना मागणी नव्हती आणि ती बनवण्यावर बंधनंही होती. रस्ते उखडलेले, लोकांच्या हातात पैसा नाही. कंपनीचे मालक एन्रिको पियाज्जो यांनी ठरवलं, की लोकांना परवडेल असं साधं दुचाकी वाहन काढायचं.

पहिला प्रयत्न फसला. कारखान्यातल्या लोकांनी त्या गाडीचं नाव ठेवलं 'पापेरीनो', म्हणजे आपला डोनाल्ड डक! तिच्यात इंजिनाचा भाग पायांच्या मधे आडवा येत होता. पियाज्जो यांना ती पसंत पडली नाही. त्यांनी काम कोर्रादिनो दास्कानिओ या अभियंत्याकडे दिलं.

हे दास्कानिओ विमानांचे अभियंते. त्यांचं खरं प्रेम हेलिकॉप्टरवर. १९३० साली त्यांनी बनवलेलं हेलिकॉप्टर ८ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिलं होतं. त्या काळातला तो विक्रम होता. मोटारसायकल मात्र त्यांना मुळीच आवडत नसे. बसायला अवघड, साखळीचं तेल कपड्यांना लागतं, चाक पंक्चर झालं तर ते काढणं म्हणजे डोकेदुखी, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ज्याला मोटारसायकल आवडत नाही त्यालाच ती नव्याने बनवायला सांगितली, हे किती बरं झालं! आवडणाऱ्या माणसाने कदाचित जुनीच थोडी सुधारली असती. दास्कानिओंनी तक्रारींची यादी केली आणि एकेक तक्रार सोडवत गेले.

२३ एप्रिल १९४६ रोजी या वाहनाच्या पेटंटसाठी अर्ज झाला. त्यात या वाहनाला मोटारसायकलच म्हटलं आहे. सांगाडा, मडगार्ड आणि यंत्र झाकणारी आवरणं एकजीव केलेली मोटारसायकल, असं ते वर्णन आहे. बारीक कंबर आणि मागचा फुगीर भाग पाहून पियाज्जो म्हणाले, "ही तर गांधीलमाशी दिसते!" अशी कथा सांगतात. इटालियन भाषेत गांधीलमाशीला म्हणतात 'व्हेस्पा'.

साखळी काढून टाकली तर?

आता आपण एका तक्रारीचा माग काढू. साखळी नको. ठीक आहे. पण मग इंजिनाची शक्ती चाकाला कशी पोचवायची?

दास्कानिओंचं उत्तर सोपं होतं. इंजिन आणि गिअरपेटी चाकाला अगदी खेटून ठेवायची, म्हणजे गिअरपेटीतून निघणाऱ्या दांड्यावरच चाक बसवता येईल. साखळीची गरजच नाही. पण मागच्या चाकाला खेटून जागा फक्त दोनच, डावी किंवा उजवी. त्यांनी उजवी निवडली. म्हणून इंजिन एका कुशीला आलं.

इंजिन मधून निघून गेलं, त्यामुळे पायांच्या मधली जागा मोकळी झाली. पाय उचलून पलीकडे न टाकता आत शिरून बसता येऊ लागलं. झगा घातलेली बाई असो की स्वच्छ विजारीतला कारकून, दोघांचीही सोय झाली.

पण कुशीला आलेलं गरम, तेलकट इंजिन पायाला आणि कपड्यांना लागणार. म्हणून ते झाकायचं. हा झाला आपला फुगवटा! तो आधी सुंदर दिसावा म्हणून काढलेला नाही. साखळी नको म्हटल्याचा तो तिसरा-चौथा परिणाम आहे.

इथे नवी अडचण उभी राहिली. मोटारसायकलचं उघडं इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होतं. त्यावरच्या पातळ पंख्यांसारख्या पट्ट्या त्यासाठीच असतात. पट्ट्यांमुळे हवेला लागणारं क्षेत्रफळ वाढतं आणि उष्णता लवकर निघून जाते. डब्यात बंद केलेल्या इंजिनाला वारा कुठून मिळणार? म्हणून फ्लायव्हीललाच पाती जोडून त्याचा पंखा केला. इंजिन फिरलं की पंखा फिरतो आणि हवा इंजिनावरून ढकलली जाते. पंखा फिरवायला थोडी शक्ती खर्च होते. झाकण्याची ती किंमत.

दुसरी किंमत वजनाची. एका बाजूला जड इंजिन असलं की गाडीचा गुरुत्वमध्य त्या बाजूला सरकतो. सायकलच्या हँडलला एकाच बाजूला जड पिशवी अडकवून सरळ जाऊन पाहा. आपण नकळत उलट बाजूला किंचित झुकतो. सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेवर आणण्यासाठी ते झुकणं असतं. स्कूटर चालवणारा माणूसही हेच करतो, फक्त सवयीने त्याला ते जाणवत नाही.

तिसरी तक्रार पंक्चरची. विमानाचं चाक अनेकदा एकाच बाजूने धरलेलं असतं. दास्कानिओंनी पुढचं चाक तसंच धरलं, दोन दांड्यांच्या बेचक्यात नाही. मागचं चाक तर गिअरपेटीच्या दांड्यावर होतंच. त्यामुळे मोटारगाडीसारखे नट सोडवून चाक बाजूने काढता येतं, आणि पुढचं-मागचं चाक एकसारखं असलं तर एकच स्टेपनी दोन्हीकडे चालते. स्टेपनी बरोबर बाळगायची तर चाक लहान हवं. म्हणून चाकं लहान.

बघा, साखळी आणि पंक्चर या दोन तक्रारींनी गाडीचा जवळजवळ सगळा आकार ठरवून टाकला.

पत्रा ओझं कसं वाहतो?

मोटारसायकलला नळ्यांचा सांगाडा असतो. सगळं ओझं त्यावर. बाकीचे भाग त्याला अडकवलेले. स्कूटरच्या पत्र्याखाली असा सांगाडा शोधायला गेलात तर सापडणार नाही. दाबून वळवलेला पोलादी पत्राच तिथे ओझं वाहतो. विमानाच्या अंगाची हीच रचना असते. दास्कानिओंनी ती तिथूनच उचलली.

पातळ पत्रा दोन माणसांचं ओझं कसा पेलतो? हे वर्गात दाखवता येतं.

करून पाहा: वहीचा एक कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवा आणि वर रुपयाचं नाणं ठेवा. कागद लगेच वाकेल. आता त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. नाणंच काय, खोडरबर आणि पेन्सिलही तो पेलेल. मग दुसरा कागद घ्या, त्याची नळी करून चिकटवा आणि उभी ठेवा. वर एक वही ठेवा, मग दुसरी, मग तिसरी. नळी टिकते. आता नळीच्या मधोमध बोटाने हलकेच एक पोचा पाडा. काय होतं?

पोचा पडला की नळी तिथेच मोडते. कागद तेवढाच, वजनही तेवढंच. बळ आकारात होतं. आकार बिघडला की बळ गेलं. स्कूटरच्या पत्र्याचंही तसंच आहे. त्याचे वळसे आणि कडांच्या घड्या केवळ नक्षी नाहीत. म्हणून ओझं वाहणाऱ्या पत्र्याला आलेला मोठा पोचा, पायाखालच्या रबरी मॅटखाली साठलेल्या पाण्याने धरलेला गंज किंवा जादा वस्तू बसवायला पाडलेली भोकं या गोष्टी दिसायला किरकोळ वाटल्या तरी किरकोळ नसतात. मागच्या बाजूचे फुगवटे मात्र सुटे काढता येतात. तिथला पोचा डोळ्यांना खुपतो, एवढंच. कुठला पत्रा ओझं वाहतो आणि कुठला फक्त झाकतो, हे ओळखायला शिकणं हाच या प्रयोगाचा खरा उपयोग.

लहान चाक, मोठा खड्डा

लहान चाकाची किंमत कोणती? पावसाळ्यातल्या पुण्यात हे सांगावं लागू नये. तरीही आपण मोजून पाहू.

चेतक स्कूटरच्या चाकाची रिम १० इंचांची आणि टायर साडेतीन इंचांचा. दोन्ही मिळून बाहेरचा व्यास सुमारे १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर. १८ इंची रिमच्या मोटारसायकलचा हाच व्यास साधारण ६० सेंटिमीटर भरतो. समजा, रस्त्यात ३० सेंटिमीटर लांबीचा खोल खड्डा आहे. चाक त्यात किती उतरेल?

करून पाहा: दहाव्या हिश्शाचं प्रमाण घ्या. आलेखाच्या कागदावर ३ सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा. हे खड्ड्याचे काठ. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, एक ४.३ सेंटिमीटर व्यासाची आणि दुसरी ६ सेंटिमीटर व्यासाची. चकती दोन्ही काठांना टेकेल अशी ठेवा आणि काठांच्या रेषेखाली ती किती गेली ते मोजा.

लहान चकती सुमारे ६ मिलिमीटर खाली जाते, मोठी ४ मिलिमीटर. म्हणजे प्रत्यक्षात ६ आणि ४ सेंटिमीटर. नववी-दहावीच्या मुलांना हे पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येईल. त्रिज्या हा कर्ण, खड्ड्याच्या लांबीचा अर्धा भाग ही एक बाजू. दुसरी बाजू काढून ती त्रिज्येतून वजा केली की झालं. एकाच खड्ड्यात स्कूटर मोटारसायकलच्या दीडपट खाली जाते आणि तेवढंच तिला पुन्हा वर चढावं लागतं. कंबरेला बसणाऱ्या दणक्याचं गणित ते हेच.

पुढची गंमत मुलांनाच शोधू द्या. खड्डा ३० ऐवजी १० सेंटिमीटरचा केला तर दोघांतला फरक किती राहतो?

पाँतेदेराहून आकुर्डीला

बजाज कंपनी १९४८ पासून दुचाकी आणि तीनचाकी वाहनं आयात करून विकत होती. १९५९ साली तिला ती भारतात बनवण्याचा परवाना मिळाला आणि पियाज्जोशी करार होऊन व्हेस्पा इथे बनू लागली. १९७१ मध्ये करार संपला. १९७२ मध्ये त्याच घाटाची स्कूटर बजाजने स्वतःच्या नावाने काढली. नाव दिलं राणा प्रतापांच्या घोड्याचं, चेतक.

त्या काळी किती गाड्या बनवायच्या हेही सरकारी परवान्यावर ठरे. मागणी अफाट आणि गाड्या थोड्या. नोंदणी करून लोक वर्षानुवर्षं, काही जण तर दहा वर्षांपर्यंत, वाट पाहत. मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदवलेली स्कूटर तिच्या लग्नात मिळते, अशी थट्टा चाले. अशा बाजारात आकार बदलण्याचं कारण कुणाला असणार? ग्राहक निवडायला नव्हे, मिळवायला आलेला होता. इटलीत दास्कानिओंनी एका विशिष्ट अडचणीला दिलेली उत्तरं इथे दशकानुदशकं जवळजवळ तशीच राहिली.

आम्हाला वाटतं, स्कूटरला आपल्या हाताने काहीतरी जोडण्याची हौस इथे इतकी फोफावली त्यामागे हेही एक कारण असावं. गाडी निवडता येत नव्हती. ती हाती आल्यावर बदलता येत होती.

आपण केलेले बदल

पायांमधली मोकळी जागा इटलीत कपड्यांसाठी होती. आपण तिथे गॅसची टाकी ठेवली. १४.२ किलो गॅस आणि साधारण तेवढंच पोलाद, म्हणजे तीस किलोच्या आसपास वजन. गंमत म्हणजे तोलाच्या दृष्टीने ही जागा वाईट नाही. वजन खाली आणि दोन्ही चाकांच्या मधे येतं. अर्थात टाकी नीट बांधलेली नसेल तर वळणावर ती घरंगळते आणि पायातल्या ब्रेकच्या आड येते, म्हणून तसं नेणं धोक्याचंच. त्याच जागी उभं केलेलं लहान मूल हा मात्र कुठल्याच दृष्टीने बरा विचार नव्हे. करकचून ब्रेक लावला तर मुलाचं तोंड थेट हँडलवर आदळतं.

स्टेपनी गाडीच्या मागे उभी असे. तिला रंगीत झाकण आणि वर टेकायला पाठ. हे सगळं मागच्या चाकाच्याही मागे येतं. तरफेचा नियम लावा. मागचं चाक हा टेकू. टेकूच्या मागे ४० सेंटिमीटरवर ९ किलो वजन असेल आणि दोन चाकांतलं अंतर १२० सेंटिमीटर धरलं, तर पुढच्या चाकावरचा भार ९ × ४० ÷ १२० म्हणजे ३ किलोंनी हलका होतो. तीन किलो फार नाहीत. पण तिथे पोतं बांधलं आणि घाट चढायला लागलो, की पुढचं चाक हलकं पडल्याचं हँडलमधून हाताला कळतं.

साडीचं काय? स्कूटरचं मागचं चाक फुगवट्यांनी झाकलेलं, त्यामुळे पदर त्यात जाण्याची भीती कमी. मोटारसायकलचं चाक उघडं. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी आऱ्यांत सापडली तर ती क्षणात ओढली जाते. म्हणून आपल्याकडे मोटारसायकलला जाळी आली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही एवढं मागचं चाक झाकलेलं हवं. इटलीतल्या मोटारसायकलच्या चित्रात ही जाळी दिसणार नाही. ती आपल्या रस्त्यावरच्या अनुभवातून आलेली आहे.

आणखी एक बदल आपण रोज पाहतो, पण त्याचा विचार करत नाही. पायांत बळ नसलेल्या माणसांसाठी स्कूटरच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक बसवतात. यासाठी स्कूटरच का निवडली गेली? पाय पलीकडे टाकावा लागत नाही, आणि जुन्या स्कूटरचा गिअरही हातातच होता. पायाचा ब्रेक हाताशी आणला की काम झालं. दास्कानिओंनी तेलाचे डाग टाळण्यासाठी केलेली निवड कुणाच्या तरी स्वतंत्रपणे फिरण्याची वाट झाली.

पण इथेही किंमत आहे. दोन चाकांची गाडी वळताना आत झुकते आणि म्हणून तोल राखते. जादा चाकं लागली की ती झुकू शकत नाही. मग वेगात वळलं तर ती बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. समजा, गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंचीवर आहे, बाजूचं चाक मध्यरेषेपासून ४० सेंटिमीटरवर आहे आणि वळणाची त्रिज्या ६ मीटर आहे. हिशेब केला तर ताशी सुमारे २२ किलोमीटर या वेगाला गाडी उलटण्याच्या बेताला येते. पुढे एकच चाक असल्यामुळे प्रत्यक्षातली मर्यादा याहूनही कमी. चौकात अशी गाडी सावकाश वळताना दिसली की मागून हॉर्न वाजवणाऱ्याला हे गणित माहीत असतं तर!

आता मोटारसायकलची पाळी

इटालियन घाटाची वाहनं आजही आपल्या जवळच बनतात. पियाज्जोच्या बारामतीच्या कारखान्यातून २०१२ पासून पुन्हा व्हेस्पा निघू लागल्या. २०२३ साली तिथेच बनलेली आप्रिलियाची ४५७ घन सेंटिमीटरची मोटारसायकल बाजारात आली. पुढे वाऱ्याला कापणारं टोकदार आवरण, खाली गेलेलं हँडल, मागे उंच उचललेली शेपटी. अकरावी-बारावीच्या मुलांच्या मोबाइलवर अशा गाड्यांची चित्रं असतात, आणि आपल्या साध्या गाडीला गॅरेजमधून तसं रूप आणण्याची इच्छाही असते. तिला नुसतं "नको" म्हणून भागत नाही. त्यापेक्षा मुलांना विचारावं, "या प्रत्येक भागाचं काम काय?"

पुढचं आवरण घ्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० किलोमीटरला तो ३० किलोमीटरच्या नऊपट असतो. म्हणून शर्यतीच्या रस्त्यावर ते आवरण फार मोलाचं. लक्ष्मी रस्त्यावर ती निव्वळ शोभा. शोभा वाईट नाही, पण तिला शोभा म्हणावं.

हँडल खाली आणि अरुंद केलं तर? बल गुणिले अंतर हा नियम आठवा. ७० सेंटिमीटरचं हँडल ५० चं केलं तर गाडी तेवढीच वळवायला हाताने ७० भागिले ५०, म्हणजे जवळजवळ दीडपट जोर लागतो. शिवाय अंगाचा भार मनगटांवर येतो. गर्दीत दर दहा पावलांवर चाक वळवावं लागणाऱ्याला हे सोसणार आहे का?

मागची शेपटी सडपातळ दिसावी म्हणून मडगार्ड कापतात आणि जाळी काढून टाकतात. मागच्या माणसाच्या अंगावर चिखल उडतो तो उडतोच, पण जाळी गेली की पदर आणि ओढणी पुन्हा उघड्या चाकाशेजारी येते. गाडीच्या मालकाला त्या बदलाची किंमत कधीच मोजावी लागत नाही. ती मागे बसणाऱ्या आईला किंवा बहिणीला मोजावी लागते. आवाजासाठी सायलेन्सर बदलला तर किंमत अख्खी गल्ली मोजते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने गाडीच्या नोंदणीतला तपशील बदलेल असे फेरफार करायला मनाई आहे. अपंगांसाठी गाडीत रीतसर बदल करून घेण्याची सोय मात्र कायद्यात आहे. मुलांना कलमाचा आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल. "या बदलाची किंमत कोण देणार?" हा प्रश्न लक्षात राहावा.

इंजिन गेलं, फुगवटा राहिला

चेतकचं इंजिन बराच काळ दोन धक्क्यांचं होतं. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं आणि ते पेट्रोलबरोबर जळायचं. रचना साधी, दुरुस्ती सोपी आणि धूर भरपूर. पुढे बिनगिअरच्या स्कूटर आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली आल्या. आता लोक खरोखरच निवड करू लागले, आणि चेतक मागे पडली. डिसेंबर २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला.

मग ऑक्टोबर २०१९ मध्ये चेतक हे नाव परत आलं, विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपात. जानेवारी २०२० मध्ये तिची विक्री पुणे आणि बंगळूरमध्ये सुरू झाली. तिला इंजिन नाही, कार्ब्युरेटर नाही, किक नाही. थंडीच्या सकाळी गाडी एका अंगाला तिरकी करून टाकीच्या तळचं पेट्रोल नळीकडे आणायचा आणि मग किक मारायचा घरोघरचा तो विधीही नाही. पण तिच्याकडे जरा मागून पाहा. दोन्ही कुशींना तो गोलसर फुगवटा आहेच!

ज्या गरजेतून तो जन्मला ती गरज संपली. तेलकट, तापलेलं इंजिनच उरलेलं नाही. मग तो का ठेवला? कारण आता तो पाहिला की लोकांना स्कूटर ओळखू येते. जे एकेकाळी काम होतं ते आता आठवण झालं आहे. पत्र्याचं अंग आणि एका बाजूने धरलेलं पुढचं चाकही तिच्यात आहे. त्यांतलं काम किती आणि आठवण किती, यावर वर्गात चांगला वाद होऊ शकेल.

शेवटी एक सुचवणी. शाळेच्या आवारात शिक्षकांच्या आणि पालकांच्या गाड्या उभ्या असतातच. त्यांतली एक स्कूटर आणि एक मोटारसायकल निवडा. मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने गाडीचे दहा भाग निवडायचे आणि वहीत चार रकाने आखायचे: भाग कोणता, त्याचं काम काय, त्याची किंमत काय आणि ती किंमत कोण देतं. कंपनीने दिलेले भाग आणि मालकाने मागून बसवलेले भाग वेगळ्या रंगाने लिहायचे. काम सापडलं नाही तर तिथे 'शोभा' किंवा 'आठवण' असं प्रामाणिकपणे लिहायचं. गाडीच्या मालकाची परवानगी मात्र आधी घ्या. आपल्या लाडक्या गाडीच्या अर्ध्या भागांपुढे 'शोभा' लिहिलेलं पाहण्याची तयारी प्रत्येकाची असतेच असं नाही!